एकवीस लाथांची सलामी

मी एक जुना किकपॅड आहे. उशीपेक्षा मोठा, गादीपेक्षा लहान, आत स्पंज आणि वरून लाल रेक्झिन. मागे दोन पट्टे आहेत. एकाने त्यांत हात घालून मला छातीशी धरायचं आणि दुसऱ्याने मला लाथ मारायची. मार खाणं हाच माझा धंदा, मित्रांनो, आणि नऊ वर्षं मी तो इमानदारीने केला. आता थकलो आहे. तुमची कीव नको, फक्त ऐका.

माझा जन्म दूर कुठल्या तरी कारखान्यात झाला. तिथलं मला काही आठवत नाही. आठवतं ते गोकुळ सरांनी संग्रामपूरला एसटीतून उतरवलं तेव्हापासूनचं. शाळेच्या मैदानाच्या कडेला टिनाच्या शेडमध्ये सरांचा कराटे क्लास भरतो. सर वाईट माणूस नाही, हे आधीच सांगतो. माझी शिवण उसवली की स्वतः दाभण घेऊन बसायचे. ज्या पोरी चारचौघांत मान वर करत नव्हत्या, त्यांना त्यांनी ताठ उभं राहायला शिकवलं.

आमच्या क्लासात एक रीत होती. कोणी नवा बेल्ट मिळवला की त्याने मला धरून उभं राहायचं आणि बाकीच्यांनी एकेक हलकी लाथ मारून त्याचं नाव पुकारायचं. तिला सलामी म्हणत. काय हसायची पोरं! तो मार मला कधी लागलाच नाही.

गेल्या वर्षी सरांच्या एका जुन्या विद्यार्थ्याने जळगाव जामोदला स्वतःचा क्लास काढला. आमची काही पोरंही तिकडे गेली. सरांच्या ते जिव्हारी लागलं. "त्यायच्याशी बोलायचं नाही, त्यायच्याकडं पाहायचं नाही," असा हुकूम निघाला. काल एका डब्यात जेवणारी पोरं आज एकमेकांना पाहून रस्ता बदलू लागली. काऊन, असं एकानेही विचारलं नाही.

मग खामगावला स्पर्धा झाली. सरावासाठी मलाही नेलं होतं. जळगाव जामोदच्या त्या क्लासच्या एका मुलीने इतकी सुरेख लाथ मारली की आमच्या योगिनीने टाळ्या वाजवल्या. योगिनी तेरा वर्षांची. शेजारी तिची जिवाची मैत्रीण डिंपल होती. दोघी एकाच सायकलवर डबलसीट क्लासला यायच्या.

डिंपल कुजबुजली, "हात खाली कर वं, सर पाहून राह्यले."

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांनी विचारलं, "काल टाळ्या कोनासाठी वाजवल्या वं?"

"सर, तिची किक लय मस्त होती," योगिनी सरळ म्हणाली.

"असं? धर मंग पॅड. आज तुले सलामी."

तिने मला धरलं. समोर एकवीस जणांची रांग. पहिल्या लाथा अगदी हलक्या होत्या. पोरं माझ्याकडे बघत होती, तिच्याकडे नाही. तेवढ्यात सर ओरडले, "काऊन बे, सकाळी जेवले नाही काय?" आणि पुढची प्रत्येक लाथ मागच्यापेक्षा जोरात येऊ लागली. मी लाथ ओळखतो, मित्रांनो. त्यांतल्या एकीतही राग नव्हता. सगळी भीती होती.

शेवटी डिंपल आली. सगळे तिच्याकडेच बघत होते. मैत्रीण म्हणून हिने हात राखला, असं कोणी म्हणू नये, म्हणून तिने सर्वांत जोराची लाथ मारली. माझ्या एका कोपऱ्यातला स्पंज केव्हाच बसला होता. नेमकी तिथेच ती लाथ लागली. मला ती झेलता आली नाही, याची लाज मला आजही वाटते. योगिनीचं मनगट मोडलं.

सर धावले. त्यांनीच तिला दवाखान्यात नेलं.

तिसऱ्या दिवशी तिची आई, आशाबाई, तिला घेऊन शेडमध्ये आली. हात प्लास्टरमध्ये.

"काय झालं माह्या पोरीले? खरं सांगा."

"पाय सटकला काकू, ते पडली," पोरं एका सुरात म्हणाली. त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. आशाबाईने लेकीकडे पाहिलं, तर योगिनीही म्हणाली, "हो माय, पडली मी." तिला त्या रांगेत परत यायचं होतं. एवढा मार खाल्ला मी, पण त्या वाक्याने जसा कळवळलो तसा कधी कळवळलो नाही.

आशाबाई डिंपलपाशी आली. "तुह्यासमोर पडली काय वं?"

डिंपलने सरांकडे पाहिलं, मग रांगेकडे. "नाही काकू. म्या मारलं. आम्ही सगळ्यायनं मारलं."

सर आशाबाईच्या पाया पडायला वाकले आणि पोरं बघताहेत हे ध्यानात येताच अर्ध्यातच थांबले. आशाबाई दोन्ही पोरींना घेऊन निघून गेली.

आता सलामी बंद आहे. मी कोपऱ्यात पडून असतो. पण दुसऱ्याच सकाळी काय झालं ते सांगतो. रांगेत दोन जागा रिकाम्या होत्या. सरांनी काही म्हणण्याआधीच पोरं आपणहून सरकली आणि रांग सारखी झाली, जणू तिथे कोणी नव्हतंच.

मला नवं रेक्झिन लावू नका, मित्रांनो. मला टाकून दिलंत तरी चालेल. पण तुमच्या शेजारची जागा रिकामी झाली, तर लगेच सरकू नका. आधी तिथे उभं राहणाऱ्याच्या घरी जाऊन या.