जसुली आमाची कढई आणि भांगेची चटणी

मी एक जुनी लोखंडी कढई आहे. मित्रांनो, माझा एक कान निखळलाय, बुडाला पोचा आहे, तरी माझं ऐका.

लोहाघाटच्या लोहाराने मला ठोकून घडवलं आणि जसुली आमाच्या, म्हणजे आजीच्या, लग्नात मी डोंगर चढून तिच्या चुलीवर आले. दर थंडीत ती माझ्यात भांगेचं बी भाजायची, मग मीठ, मिरची, लिंबू घालून चटणी वाटायची. बियांत नशा नसते. ती असते भोवतीच्या चिकट सालीत आणि पाल्यात. म्हणून आमा भाजण्याआधी बी सुपात तीनदा पाखडायची. अख्खं गाव तिच्या चटणीचं नाव काढायचं आणि मी फुशारून जायचे.

पुढे आमाच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला, पण ती कबूल करीना. एकदा सून खिमुली हळूच म्हणाली (सासूला ती इजा, म्हणजे आई, म्हणायची), "इजा, साल राहिलीय. सूप द्या इकडे."

आमाने मूठभर बी सालीसकट चावून खाल्लं. तासाभराने कमरेवर हात ठेवून म्हणाली, "बघ, झालं का मला काही? कच्चं पचलं, ते भाजल्यावर काय करणार आहे? मला शिकवू नकोस." अरे देवा, मलाही ते पटलं!

मंद आचेवर बी बराच वेळ भाजलं. दुपारी चटणी-भात खाऊन सहा वर्षांची नात गोपुली झोपली, ती उठेचना. तोंडावर पाणी मारलं तरी मान लुळीच. खिमुली तिला पाठीला बांधून आरोग्य केंद्राकडे धावत सुटली. इतकी वर्षं घराला जेवू घातलं आणि आज हे?

दुसऱ्या दिवशी गोपुली डोळे उघडून घरी आली. नर्सबाईंनी सांगितलेलं खिमुलीने सगळ्यांना सांगितलं. कच्च्या सालीत आणि पाल्यात एक आम्ल असतं, त्याने नशा येत नाही. आच लागली की त्यातून कर्बवायू निघून जातो आणि उरतं ते नशेचं द्रव्य. म्हणजे ते माझ्याच पोटात तयार झालं होतं!

आमाने मला गोठ्यामागे भिरकावलं. तिथेच माझा कान गेला आणि वर्षभर मी गंजत पडले.

पुढच्या थंडीत ती चाचपडत आली, मला राखेने घासलं आणि सूप खिमुलीच्या हातात दिलं. "मला दिसत नाही गं. राग कढईवर काढला. आता पाखडायचं तूच." खिमुलीने चारदा पाखडलं.

मित्रांनो, मला फक्त आच कळते. आत काय पडलं, ते तुम्हीच बघायचं. गोपुली आता चटणी खाते, पण बोट लावण्याआधी आईच्या तोंडाकडे बघते. आमाच्या बघत नाही.