माझा दांडा ऊसतोडीला जायचा

ही करकर ऐकू येतेय ना, ती माझीच. मी हापसा. शेवगावहून नेवाशाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या अंगाला एक लहानसं बाजाराचं गाव आहे, त्याच्या कडेच्या माळावर मी उभा आहे. गावाचं नाव सांगत नाही. या गोष्टीत काही माणसांचे मान-अपमान गुंतलेत आणि मला या वयात कुणाशी वाकडं नको.

लोखंडाचा म्हणून माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला, पण तो मी धरत नाही. बोअर पाडायची गाडी माळावर आली, तोच माझा वाढदिवस. त्या वेळी इथं थोडक्याच झोपड्या होत्या. निम्म्या बौद्धांच्या, निम्म्या पूर्वेकडच्या कोरड्या पट्ट्यातून पोटामागं आलेल्या लोकांच्या. दिवसभर गाडीनं खडक फोडला, सगळी वस्ती पांढऱ्या भुकटीनं माखली आणि मग पाणी लागलं.

मला बसवल्यावर पहिली कळशी घेऊन आली ती वस्तीतल्या रंभाजीची आई. त्याआधी ती गावातल्या आडावर जायची. तिथं दोर तिच्या हाती कुणी देत नसे. आडाच्या मालकाच्या घरचं कुणी वरून पाणी ओतेल तोवर खाली कळशी धरून उभं राहायचं. त्या बाईनं माझा दांडा धरला आणि हापसायला लागली. कळशी भरली, वाहायला लागली, तरी ती थांबेना. तिची सून भागिरथी, रंभाजीची बायको, तेव्हा नवी नवरी होती. ती म्हणाली, "आत्याबाई, पानी वाया चाललंय." म्हातारी म्हणाली, "जाऊ दे गं. आज जाऊ दे." तो हात मला अजून आठवतो. एवढ्या वर्षांत लाखो हात लागले असतील, पण तसा एकही नाही.

पुढं वस्ती वाढली आणि तिला माझंच नाव पडलं, हापशाची वस्ती. लग्नपत्रिकेतसुद्धा तसंच छापायचे. मी ऐटीत असायचो, खोटं कशाला बोलू! पाण्याला एकच रांग असे, आणि भांडणंही त्याच रांगेत होत. बायका एकमेकींच्या सात पिढ्यांचा उद्धार करायच्या आणि मग एकमेकींच्याच डोक्यावर हंडा चढवून द्यायच्या. पोरं माझ्या तोंडाला तळहात लावून पाणी अडवायची, मग दुसऱ्याच्या अंगावर फवारा उडवायची. चौदा एप्रिलच्या आदल्या दिवशी तर मला श्वास घ्यायला फुरसत नसे. ऊसतोडीवरून परतलेली माणसं घासूनपुसून अंघोळी करायची, निळे झेंडे धुऊन वाळत घालायची. माझा ओटा तिसऱ्या प्रहरापर्यंत साबणानं बुळबुळीत असायचा.

पण दसरा जवळ आला की माझी ऐट उतरायची.

दसरा झाला की वस्ती उसाला निघायची. अख्खी वस्ती, म्हाताऱ्याकोताऱ्यांसकट. जाताना छपराचे पत्रे उतरवून ट्रॉलीत घालायचे, कारण तिकडं उसाच्या फडात राहायला कोपी, म्हणजे खोपट, उभी करायला तेच लागत. दाराला काटेरी बाभळ बांधायची. मग ट्रॅक्टर धुरळा उडवत राहात्याच्या बाजूला निघून जायचे आणि उन्हाळा तोंडावर येईतो माळावर मी एकटा.

एका वर्षी ते परतले तेव्हा माझा दांडा मोडलेला होता. मागं कुणी बैल बांधला होता त्याला. तो सबंध उन्हाळा बायकांनी लांबच्या पाटावरून पाणी वाहिलं. रंभाजी तेव्हा तरणा होता, डोकं तापट. मिस्त्री नवा दांडा बसवायला आला तेव्हा त्यानं शेजारी बसून सगळं शिकून घेतलं: झाकण कसं उघडायचं, साखळी कशी सोडवायची, दांडा कसा ओढून काढायचा. त्या दसऱ्याला निघताना त्यानं माझा दांडा काढला, गोणपाटात गुंडाळला आणि स्वतःच्या ट्रॉलीत ठेवला. "आता बघतो कोन मोडतंय," म्हणाला.

तेव्हापासून दरवर्षी तेच. मी इथं मुका उभा, आणि माझा दांडा ऊसतोडीला. हसू नका, पण दांडा म्हणजे माझंच अंग; त्यानं पाहिलं ते मीही पाहिलं. जगात कुठल्या हापशानं उसाचा फड पाहिलाय? मी पाहिलाय. थंडीतली ती उसाच्या पाचटाची शेकोटी, बैलांच्या गळ्यातली घुंगरं, भाकरीबरोबर दातानं सोललेला ऊस. रंभाजीची नात माधुरी तान्ही होती तेव्हा कोपीत दोन मेढींवर माझा दांडा आडवा टाकून भागिरथीनं तिची झोळी बांधली होती. ती पोर माझ्या अंगाखांद्यावर वाढली, असं मी म्हटलं तर कुणी हरकत घेऊ नये.

हरकत म्हटल्यावर ती गोष्ट सांगायलाच हवी.

आमचा माळ गावच्या आराखड्यात जनावरांच्या बाजारासाठी राखून ठेवलेला होता. बाजार कधीच दुसरीकडं गेला होता, नकाशावरचा रंग तेवढा उरला होता. त्या रंगापायी इथं कुणाला घरकुल मिळत नसे. माणसं राहत होती, मतं देत होती, पण नकाशात ती उभीच नव्हती. मग एकदाचा प्रस्ताव निघाला, की बाजाराचं आरक्षण उठवायचं आणि इथंच वस्तीवाल्यांना पक्की घरं बांधायची. त्यावर लोकांच्या हरकती मागवल्या. जागा पाहून सुनावणी घ्यायला नगरहून नगररचनेच्या वृषाली मॅडम आल्या.

आल्या कधी, तर ऐन हिवाळ्यात!

दुपारची वेळ. मॅडम प्रत्येक झोपडीपाशी गेल्या. वर पत्रा नाही, दाराला काटे. बाई प्रामाणिक होती, उन्हात सगळा माळ फिरली. तहान लागली तशी माझ्याकडं आली, आणि बघते तर मला दांडाच नाही. तिनं माझा फोटो काढला. बरोबरच्या माणसाला म्हणाली, "हापसाही बंद दिसतोय. इथं बऱ्याच दिवसांत कुणी राहिलेलं नाही." मला ओरडावंसं वाटलं, अहो बाई, माणसं आहेत! रानात आहेत, येतील! पण दांड्याशिवाय मी कसला ओरडतोय? रंभाजीनं मला जपायला म्हणून जे केलं, त्यानंच वस्तीचा घात होऊ घातला होता.

माधुरी आता गावातच वसतिगृहावर राहून कॉलेज करत होती. नगरपरिषदेच्या फलकावर सुनावणीची सूचना लागलेली तिनं वाचली, आत चौकशी केली तर कळलं की पाहणीत 'वस्ती आढळली नाही' असं आलंय. तिनं तिथूनच आजोबाला फोन लावला. फडात फोन लागला हेच नशीब. मुकादम कुरकुरला, एक दिवस तोड थांबेल म्हणाला. भागिरथी त्याला म्हणाली, "आमची घरं पुसली जात्यात, अन् तुला उसाचं पडलंय व्हय?" सुनावणीच्या सकाळी टेम्पो भरून माणसं निघाली. रंभाजीनं उशाखालचा माझा दांडा उचलला आणि मांडीवर घेऊन बसला.

नगरपरिषदेच्या दारात शिपायानं अडवलं. "आजोबा, हे हत्यार बाहेर ठेवा."

"हत्यार न्हाई बाबा, हापसा हाय. अर्धाच हाय, पर हाय."

आत सूर्यभान बोलत होता. माळासमोर त्याचे गाळे आहेत. ज्या आडावर रंभाजीची आई खाली कळशी धरून उभी राहायची, तो आड याच्या आजाचा. सूर्यभान तसा वाईट माणूस नाही. घरकुलं झाली की समोर गर्दी होईल, गाळ्यांची शान जाईल, एवढंच त्याचं भय. "मॅडम, तुमी सवता बघून आलाय," तो म्हणत होता, "तिथं चिटपाखरू न्हाई. घरं काय वाऱ्याला द्यायची? बाजाराची जागा बाजारालाच ऱ्हाऊ द्या."

रंभाजीनं माझा दांडा टेबलावर ठेवला. फडातली माती लागलेली होती, मॅडमनी कागद जरा बाजूला घेतले.

"मॅडम, हापसा बंद हाय असं तुमी लिवलंय, ते खरं हाय," तो म्हणाला. "आमीच बंद करून गेल्तो. पत्रं आमीच उतरवलं, काटी आमीच लावली. आपलं राखायचं म्हनून केलं सारं. तुमाला वाटलं कुनी न्हाईच. चूक आमची हाय, तुमची न्हाई. पर त्या चुकीपायी आमी गावातनं पुसलं जाऊ नये."

मॅडमनी दांड्यावरची माती बोटानं पुसून पाहिली. मग विचारलं, "हा परत बसवला तर पाणी येईल?"

"यील की!"

तो झटक्यात बोलून गेला, घाम मला फुटला. माझ्या आतले चामड्याचे वायसर महिनेन् महिने कोरडे पडलेले. मी पाणी देईन की नाही, माझं मलाच ठाऊक नव्हतं.

सगळी माणसं माळावर आली. सूर्यभानही आपल्या गाळ्यासमोर येऊन उभा राहिला. रंभाजीनं दांडा बसवला, साखळी जोडली आणि हापसायला लागला. करकर, करकर. पाणी नाही. तो दमला तसा दुसरा आला, मग तिसरा. नुसती करकर. माझी मलाच लाज वाटत होती. रंभाजी म्हणाला, "नरडं वाळलंय त्याचं. वरून कळशीभर पानी वतावं लागंल." पण वस्तीत पाण्याचा थेंब नव्हता.

भागिरथीनं कळशी उचलली आणि रस्ता ओलांडून सरळ सूर्यभानपुढं जाऊन उभी राहिली. म्हणाली, "दादा, पानी दे."

ती कळशी कशासाठी, हे सूर्यभानला कळत होतं. पाणी दिलं तर त्याची हरकत बुडणार होती. पण दारात आलेल्या माणसाला पाण्याला नाही म्हणायचं, तेही म्हाताऱ्या बाईला, हे आमच्याकडं कुणाच्या जिभेवर येत नाही. त्यानं नळ सोडला आणि पाइप तिच्या हातात दिला. कळशी त्यानं भरली नाही, तिची तिला भरू दिली. रंभाजीची आई हे बघायला हवी होती. मला त्या वेळी फार भरून आलं.

वरून पाणी पडलं. भागिरथीनंच दांडा धरला. करकर जड झाली, आत काहीतरी पकडलं, आणि माझ्या तोंडातून आधी लाल आणि मग निवळशंख पाणी पडलं. मॅडमनी ओंजळ धरली. पोटभर प्याल्या, तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "ते काटे काढा. मला प्रत्येक घर आतून बघायचंय."

काटे निघाले. आत चुली होत्या, कोनाड्यात पाट्या-दप्तरं होती, भिंतीवर बाबासाहेबांचे फोटो, कुठं खंडोबाचे, आणि चौकटींवर पोरांच्या उंचीच्या खुणा. मॅडमनी पाहणी नव्यानं लिहिली. पुढं आरक्षण उठलं, आणि सूर्यभाननं पुन्हा हरकत घेतली नाही.

आता माळावर घरं उभी आहेत. नकाशात रस्ता माझ्या डोक्यावरून जात होता; मॅडमनी तो थोडा वळवला आणि माझ्या जागी एक लहानसा गोल काढला, म्हणून मी आहे. घराघरात नळ आलाय. बायका आता आपापल्या मोरीत भांडी भरतात. भांडणं कुठं करतात, कोण जाणे.

काही घरं आता उसाला जात नाहीत, काही अजून जातात. रंभाजीचा मुलगा या दसऱ्यालाही गेला. दाराला काटे नाहीत, कुलूप. पत्रे उतरवायचा प्रश्नच नव्हता, वर स्लॅब आहे. ट्रॅक्टर सुरू झाला तेव्हा रंभाजी काठी टेकत माझ्यापाशी आला. त्याच्या हातात पाना होता. त्यानं झाकणावर हात ठेवला, थोडा थांबला, आणि पाना खिशात टाकला.

"ऱ्हाऊ दे," म्हणाला. "आता तुला कोन मोडतंय."

ट्रॅक्टर निघून गेला. या खेपेला माझा दांडा माझ्याजवळच होता.

वर्षानुवर्षं मी याचीच वाट बघत होतो, दसऱ्याला मला कुणी अर्धा करून जाऊ नये. आता मी पुरा आहे आणि मला करमत नाही. घरं झाली याचा मला आनंद आहे, फार आहे. पण रात्री थंडी पडली की पाचटाची शेकोटी आठवते, आणि झोळीतलं ते तान्हं पोर.

बाबांनो, माझे वायसर पुन्हा वाळायला लागलेत. नळाचं पाणी प्या, खुशाल प्या. फक्त येता-जाता एखादा हापका मारत जा. पाण्यासाठी नको. इथं माणसं राहतात, एवढं मला कळत राहू द्या.