कोपराचा फुगवटा

"आवडला त्यांना," कोट घेऊन निघालेल्या बाईंच्या पाठीकडे बघत मुलगी म्हणाली.

आईच्या ओठांत दोन टाचण्या होत्या. त्या काढून तिने विचारलं, "आरशात बघितलं त्यांनी?"

मुलीने रिकाम्या आरशाकडे पाहिलं.

शिवणकाम करणाऱ्या या आईला गल्लीत सगळे मापकाकू म्हणत. टेप नंतर, आधी नजर. माणसाची छाती, कंबर आणि खोट तिला एकदमच कळे. मुलीला गल्ली 'पहिली' म्हणे, कारण वर्गात ती दुसरी कधी आलीच नव्हती. दुसरी कुणी आई असती तर तिने मार्कांचा डांगोरा पिटला असता. मापकाकू विचारायची ते भलतंच: डबा विसरलेल्या मुलीला आज कुणी घास दिला? दुकानाची रीतही तशीच. कपडा आधी उलटा करून शिवण दाखवायची, मगच सुलटा. आणि ज्याने शिवला त्यानेच तो हाती द्यायचा.

हा कोट पहिलीने केला होता. बाईंच्या नवऱ्याचा. तीस वर्षं बस चालवून तो गेल्या साली वारला. लांबी कमी कर, खांदे आत घे, थंडीत मीच घालीन, एवढंच बाईंनी सांगितलं होतं. पहिलीने तेवढं केलं, वर आपल्या मनाने जास्तीचंही केलं. खिडकीवर टेकून टेकून एका बाहीला कोपराचा फुगवटा आला होता. ओलं फडकं टाकून, तासभर इस्त्री फिरवून तिने तो साफ बसवला. मापकाकूने शाबासकीही दिली होती.

मघाशी कोट घालताच बाईंचा हात सवयीने त्या कोपरावर गेला आणि तिथेच थांबला. मग "छान झालाय गं," म्हणून त्या निघाल्या. पहिलीने शब्द ऐकले होते. मापकाकूने हात पाहिला होता.

तो हात कोपरावर काय शोधत होता, ते तिने सांगितल्यावर मुलीचा चेहरा उतरला. "पण तूच म्हणतेस ना, सुरकुती राहिली की शिवणारीची लाज जाते."

"मीच म्हणते. मलाही आत्ताच कळलं."

उद्या गणिताचा पेपर होता. तो झाला की जाऊन सांगते, असं पहिली म्हणाली. जा, तेव्हा जरा जास्त जड जाईल एवढंच, असं म्हणून मापकाकूने मशीन सुरू केलं. आपणच उठावं, दोन शब्द बोलून मोकळं व्हावं, असं तिला दहादा वाटलं. पण पोरीची चूक आपण पोचवून आलो, तर पोरीच्या हाती काय उरणार? तिने एक शिवण दोनदा घातली, दोनदा उसवली.

गणिताचं पुस्तक मिटल्याचा आवाज आला. पहिली चपला घालत होती.

"काय बोलू?"

"जे केलंस ते. 'मला माहीत नव्हतं' एवढं घरी ठेवून जा. ते आपल्या सोयीचं असतं."

ती दीड तासाने परतली. बाई रागावल्या नव्हत्या, पण 'असू दे' असंही म्हणाल्या नव्हत्या. गेलेलं परत येत नाही, एवढंच म्हणाल्या. मग तिला जवळ बसवून नवऱ्याबद्दल सांगत राहिल्या. कुठल्या थांब्यावर तो कुणासाठी खोळंबायचा, त्यावरून किती बोलणी खायचा.

"मी काहीच नाही केलं गं. नुसतं ऐकलं," पहिली म्हणाली. याला किती मार्क, ते तिला ठरवता येत नव्हतं.

गणितात ती दुसरी आली. गल्लीने आठवडाभर चिडवून घेतलं.

पुढे एक गृहस्थ वडिलांचा जुना सदरा मापात करायला घेऊन आले. पहिलीने मापं घेतली, मग पेन्सिल थांबवून विचारलं, "यातलं काय तसंच राहू द्यायचं?" गृहस्थांनी सदरा परत हातात घेतला आणि झिजलेल्या कॉलरवरून बोट फिरवलं.

काम हातावेगळं झालं की मापकाकू कामाच्या वहीतल्या नोंदीवर रेघ मारते. त्या दिवशी मागची पानं चाळताना कोटाची नोंद आली, रेघ मारायची राहिलेली. खाली पहिलीच्या सुबक अक्षरात लिहिलं होतं: 'कोपर. विचारायला हवं होतं.'

मापकाकूने पेन्सिल उचलली, क्षणभर धरली, आणि रेघ न मारता पान उलटलं.