धूर धुणारा कूलर

मी कूलर बोलतोय. हो हो, छतावरचा. पत्र्याचा चौकोनी डबा, बाजूंना लाकडाच्या बारीक किसाच्या ताट्या, पोटात पंखा आणि पंप, तळाला पाणी. ॲरिझोनाच्या दक्षिणेला डोंगराच्या पायथ्याशी आमची गल्ली आहे. त्या गल्लीतल्या शेवटच्या घराच्या डोक्यावर मी बसलोय. म्हणजे बसलो होतो. थांबा, सांगतो सगळं.

मला तिथे चढवलं एवारिस्तो मोंतिहोने. तांब्याच्या खाणीत राबणारा दणकट गडी, पण मला दोरीने वर ओढताना त्याचा पार घामटा निघाला. खाली त्याची बायको ओरडत होती, "एवारिस्तो, तो पडला तर पडू दे, तू पडू नकोस!" त्या घरात माझ्याबद्दल उच्चारले गेलेले हे पहिले शब्द. मला राग आला होता. पण संध्याकाळी पंखा फिरला, गार झुळूक खाली उतरली आणि तीच बाई छतातल्या माझ्या हवेच्या जाळीखाली खुर्ची टाकून बसली ती जेवायलाही उठेना. मग माझा राग गेला.

एवारिस्तो जाऊन बरीच वर्षं झाली. उरलो आम्ही दोघं. तिचं नाव रेफुहियो, पण गल्ली तिला मानाने दोन्या कुका म्हणते.

कूलर वापरायचं एक तंत्र असतं, आणि ते दोन्या कुकाइतकं कुणाला जमलेलं मी पाहिलं नाही. मी बाहेरची हवा ओढून ओल्या ताट्यांतून आत सोडतो. आत आलेल्या हवेला बाहेर पडायला वाट लागते, नाहीतर घरात नुसती चिकचिक. म्हणून ज्या खोलीत गारवा हवा त्या खोलीची खिडकी वीतभर उघडी ठेवायची. स्वयंपाकघरात टॉर्टिया लाटताना तिथली, दुपारी डुलकी काढताना निजायच्या खोलीतली. तिची मुलगी डेल्फिना फिनिक्सला सिटी बस चालवते. ती आली की हटकून म्हणायची, "अमा, काढून टाक हा डबा. एसी लाव, खिडक्या लाव, सुखाने राहा."

"एसीत माणूस बरणीतल्या मिरच्यांसारखा बंद होतो," दोन्या कुका म्हणायची. "मला मरायच्या आधी मुरायचं नाहीये."

मी वर बसून हसायचो. हसायचो म्हणजे माझ्या पंख्याचा पट्टा जरा जास्तच कुरकुरायचा.

आता इथलं हवामान म्हणजे एकेक तऱ्हा. मे-जूनमध्ये अंगणातल्या नळाचं पाणीसुद्धा हात पोळतं. वारा सुटला की धुळीची भिंत उठते, पुढचं घर दिसत नाही. पाऊस आला की कोरडे ओढे बघता बघता भरतात आणि गाड्या वाहून नेतात. पावसात मी बिनकामाचा, हवाच ओली असते ना. पण कोरड्या दिवसांत राज्य माझं. आणि आग लागते ती नेमकी त्याच दिवसांत.

एका धुळीच्या वादळानंतर दोन्या कुकाने माझ्या तळातलं पाणी सोडलं. नुसता चिखल निघाला. तिने समोरच्या ऑक्टावियोला हाक मारली. ऑक्टावियो म्हणजे एवारिस्तोचा खाणीतला जोडीदार, दोन कुत्री पाळणारा, फाटक्या तोंडाचा. "बघ रे," ती म्हणाली, "ही सगळी धूळ माझ्या छातीत गेली असती. माझा कूलर हवा धुऊन आत घेतो!"

हे खरंच होतं. ओली ताटी धूळ धरते. मी फुगून गेलो.

पण पुढच्या वर्षी लांबच्या डोंगराला आग लागली, गल्लीत धूर साचला, तेव्हा ती म्हणाली, "धूळ धुतो तर धूर का नाही धुणार?" गल्लीने मान डोलावली. दोन्या कुका म्हणतेय म्हटल्यावर कोण हटकणार? मला मात्र घाम फुटला. अहो, धूर ताटीतून आरपार जातो. त्याला ओलं काय नि सुकं काय. रात्रभर ती खोकली आणि सकाळी म्हणाली, कॉफी फार कडक झाली होती.

पूर्वी आमचं वाळवंट जळत नसे. एका झुडपापासून दुसऱ्यापर्यंत मोकळी माती, आग जाणार कशी? मग कुणीतरी गुरांसाठी बाहेरून एक गवत आणलं. ते सुटलं आणि साऱ्या डोंगरभर माजलं. उन्हाळ्यात ते वाळून कोळ होतं. दोनशे वर्षं उभे असलेले सग्वारो निवडुंग आता त्या गवतात कमरेपर्यंत बुडालेत. वरून मला सगळं दिसायचं आणि जीव टांगणीला लागायचा.

आणि मग तो दिवस आला. जून महिना, भर दुपार, वारा पिसाळलेला. हमरस्त्यावरून एक गाडी बोट ओढत चालली होती. बोटीच्या गाड्याची साखळी डांबरावर घासत होती, ठिणग्या उडत होत्या. ड्रायव्हरला पत्ताच नाही. तो निघून गेला आणि त्याच्या मागे गवत पेटलं. हे मी डोळ्यांनी पाहिलं, आणि मला ओरडता येत नाही.

थोड्या वेळाने शेरीफच्या पोलिसांची गाडी भोंगा लावून फिरली. "सामान बांधा, तयार राहा. निघा म्हटलं की निघा." ऑक्टावियोने कुत्री गाडीत कोंबली आणि कुंपणाशी आला. "दोन्या कुका, चला माझ्याबरोबर!"

"तू हो पुढे. डेल्फिना निघालीये. तोवर मी आत बरी आहे. बाहेर धूर आहे, आत माझा कूलर आहे."

"एकदाचं त्याच्याशी लग्नच लावून टाका," ऑक्टावियो म्हणाला, पण त्याच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. तो गेला.

ती औषधांची पिशवी मांडीवर घेऊन जाळीखाली बसली. धूर उतरला, पिवळट, जाड. आणि मी तो ओढत होतो! सगळ्या ताकदीने ओढत होतो आणि तिच्या डोक्यावर सोडत होतो. खालून तिचा श्वास मला ऐकू येत होता. आधी जड, मग शिट्टी वाजल्यासारखा. मी मनात आकांत केला, अगं बाई, ऊठ, बटण फिरव, मला बंद कर! ती उलट उठून पंखा वाढवून आली.

डेल्फिना आली तेव्हा तिची गाडी राखेने पांढरी झाली होती. दार उघडताच ती ओरडली, "अमा! घरभर धूर आहे! बंद कर ते!" आणि तिने पंखा बंद केला.

"वेडी आहेस का? उकडून मरेन मी!" दोन्या कुकाने पुन्हा चालू केला.

"धुराने मरशील त्याच्या आधी! हा बाहेरचाच धूर आत आणतोय, अमा."

"तो धुऊन आणतो. माझ्या कूलरला नावं ठेवू नकोस. तुझ्या वडिलांनी बसवलाय..." पुढचं वाक्य खोकल्यात गेलं. भोंगा पुन्हा वाजला, आता एकच शब्द, "निघा! निघा!" डेल्फिनाने आईचा दंड धरला. दोन्या कुका उठली, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि पुन्हा खुर्चीत बसली. "जरा गार हवा घेते, मग निघू."

आता माझं एक दुखणं सांगायला हवं. इथलं पाणी क्षारांचं. माझ्या डोंगराकडच्या ताटीवर पाणी सोडणारं एक भोक क्षाराने बुजलं होतं आणि त्या ताटीवर एक उभा पट्टा कोरडा राहायचा. वाऱ्याबरोबर निखारे यायला लागले. बाकीचे ओल्यावर पडून चुर्र करून विझले. एक त्या कोरड्या पट्ट्यावर बसला. मी स्वतःच त्याला वारा घालत होतो. पंख्याने निखारा फुलवल्यावर काय होणार?

खाली दोन्या कुकाने मान वर केली. तिने नाक ओढलं. डोंगर जळण्याचा वास वेगळा आणि ही ताटी जळण्याचा वास वेगळा. दर उन्हाळ्यात तिने नव्या ताट्या आपल्या हाताने बसवल्या होत्या, ते लाकूड तिला कळणार नाही तर कुणाला? ती जाळीकडे बघत राहिली.

"ताटी पेटली," ती म्हणाली. "आणि मला तिचा धूर येतोय. सगळा येतोय."

त्या क्षणी तिला सगळं कळलं, हे मला तिच्या आवाजावरून समजलं. मग ती अशी गरजली की मी हादरलो. "पंखा बंद कर! पंप राहू दे, पाणी चालू राहू दे! शिडी मागे आहे. डोंगराकडची ताटी!"

डेल्फिना धडाधड वर आली. रुमाल तोंडाला बांधलेला, डोळ्यांतून पाणी. माझी बाजू उचकटायला गेली तर पत्रा तापलेला. तिने दोन लाथा घातल्या आणि ताटी उपटून खाली अंगणात फेकली. हात पोळले तिचे. मला फार वाईट वाटलं, पण सुटल्यासारखंही वाटलं. ती खाली उतरली, आईला जवळजवळ उचलून गाडीत घातलं आणि गाडी वळून धुरात दिसेनाशी झाली. थोड्याच वेळात वीज गेली. मी तीन ओल्या ताट्या घेऊन एकटा बसून राहिलो. समोर ऑक्टावियोचं घर पेटलं आणि छत कोसळेपर्यंत मी ते बघत होतो.

आमचं घर वाचलं.

दोन्या कुका परत आली ती नाकात नळी घालून. मागे चाकांवर प्राणवायूची टाकी. डेल्फिनाने एसी बसवला, खिडक्या लावून घेतल्या, मला उतरवून अंगणात ठेवलं. आता डोंगर काळा आहे, त्याला पाणी धरवत नाही. ढग आले की सगळी गल्ली दाराशी रचलेल्या वाळूच्या पोत्यांकडे आणि मग वर डोंगराकडे बघते.

काल ऑक्टावियो आला. जळालेल्या घराच्या जागी त्याने एक जुनं चाकांवरचं घर आणून ठेवलंय. टोपी काढून म्हणाला, "दोन्या कुका, तुमचा हा धूर धुणारा नवरा पडूनच आहे. मला देता का? चौथी ताटी मी घालीन."

ती दारात उभी होती. हसून मान डोलावली असती तरी चाललं असतं. हा खरंच धूर धुतो का, असं कुणी तिला विचारलं नव्हतं.

"घेऊन जा," ती म्हणाली. मग दम घेतला. "पण तो धूर धूत नाही, ऑक्टावियो."

"आता इतकी वर्षं तुम्हीच तर..."

"इतकी वर्षं मी बडबडले. धूर मीच आत घेतला." पुन्हा थांबली, दाराची चौकट धरली. "धूर दिसला की पंखा बंद. आधी पंखा, मग बाकी सगळं. गल्लीत सगळ्यांना सांग. दारोदार जाऊन सांग. मीच सांगितलं असतं, पण मला तेवढा श्वास नाही."

ऑक्टावियोने टोपी पुन्हा घातलीच नाही. "सांगतो," म्हणाला आणि मला ढकलगाडीवर चढवू लागला.

तो एकटा किती दारं फिरणार? म्हणून मी तुमच्याशी बोलतोय. उन्हाळाभर मला चालवा, जीव तोडून गारवा देईन. पण डोंगरावर धूर दिसला की कृपा करून उठा आणि माझा पंखा बंद करा. मला आपणहून थांबता येत नाही.