नोखोलोचे नाव आणि मी

मित्रांनो, मी एक जुना टेप रेकॉर्डर आहे. सेलवर चालणारा, जाड पुस्तकाएवढा. मेधाताई शाळकरी होत्या तेव्हा त्यांच्या वडिलांनी मला नाशिकला विकत घेतले. घरात माझे भारी कौतुक होते. पुढे ताईंबरोबर मी ऑस्ट्रेलियात आलो, फोन आले आणि मेलबर्नला, क्रेगीबर्न भागातल्या घरात, मी कपाटात धूळ खात पडलो.

तीन वर्षांपूर्वी मेधाताईंनी आपल्या शाळेतून दोन टर्मची बिनपगारी रजा घेतली आणि त्या दक्षिण आफ्रिकेतल्या, खोसा भाषा बोलणाऱ्या लोकांच्या एका खेड्यात शिकवायला निघाल्या. तिथे विजेचा भरवसा नव्हता, म्हणून मुलांना गाणी ऐकवायला मीही सामानात गेलो.

डोंगरउतारावरची ती शाळा तीन खोल्यांची. मुख्याध्यापिका लुलामाबाई एकाच वेळी दोन वर्ग सांभाळत. एकीकडे गणित, दुसरीकडे वाचन, आणि आवाज कधी चढलेला नाही! मी थक्क होऊन ऐकत असे.

मेधाताईंची गाडी मात्र हजेरीतच अडली. नोखोलो नावाची एक मुलगी होती. मी 'नोखोलो' म्हणतो खरा, पण तो 'खो' आपल्या लिपीत मावत नाही. बैल हाकताना गालाच्या बाजूने जीभ सोडवून 'टक्' करतात ना, तसा आवाज तिथे हवा. ताईंना तो जमेना. वर्ग हसे.

एक दिवस ताई कंटाळून म्हणाल्या, "तुला नोरा म्हटलं तर चालेल?"

मुलीने दप्तर उचलले आणि ती घरी गेली. तीन दिवस आलीच नाही.

लुलामाबाई शांतपणे म्हणाल्या, "घरात मोठं भांडण होतं, तेव्हा ही जन्मली आणि ते मिटलं. म्हणून आजीने हे नाव ठेवलं. त्याचा अर्थ, शांतता."

ताईंचा चेहरा पडला. त्याच दुपारी मला पिशवीत घालून त्या टेकडी चढून आजीच्या घरी गेल्या. आधी त्यांनी माफी मागितली. मग मला पुढे धरून म्हणाल्या, "आजी, यात तिचं नाव म्हणाल? मला शिकायचंय."

आजी खळखळून हसल्या आणि सावकाश पाच वेळा नाव म्हणाल्या. दाराआडून नोखोलो पाहत होती.

दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली. हजेरीत ताई तिच्या नावाशी थांबत, "अजून शिकतेय" म्हणत आणि पुढे जात. रोज सकाळी व्हरांड्यात त्या माझी टेप मागेपुढे फिरवून आजींचा आवाज ऐकत आणि तसे म्हणून पाहत. जीभ दुखे, तरी सोडत नसत. नवव्या दिवशी हजेरी घेताना तो 'टक्' अगदी जागच्या जागी पडला.

"न्दिखोना!" नोखोलो ताडकन उठून म्हणाली. म्हणजे, मी इथे आहे. माझ्या उभ्या आयुष्यात इतका खणखणीत आवाज मी ऐकला नव्हता.

मेलबर्नला परत आल्यावर टेप फिरवणारा माझा रबरी बेल्ट सैल पडला. ताईंचे यजमान विराज म्हणाले, "मेधा, फोनवर सगळं होतं गं. कचऱ्याच्या बिनमध्ये टाकू या?"

"अजिबात नाही. बेल्ट कुठे मिळतो ते बघ."

विराजनी तो शोधला आणि एका शनिवारी गॅरेजमध्ये बसून मला बोलते केले.

मित्रांनो, माझ्यासारख्याला ठेवून देताना सेल तेवढे काढत जा, नाहीतर ते गळून आम्ही आतून गंजतो. आणि वर्गात नवे मूल आले, तर त्याचे नाव तुमच्या सोयीसाठी कापू नका. दहादा चुकलात तरी चालेल. ते मूल वाट पाहते.