वेटिंगवर दुसरी

देवरामचं एक ठाम मत होतं, आणि कुणी विचारलं नाही तरी तो ते सांगायचा: खिडकीवर तोंड दाखवल्याशिवाय काम होत नाही. रेशनकार्डावर मुलीचं, अमृताचं, नाव चढलं ते अकरा फेऱ्यांत. जातपडताळणीचा दाखला मिळाला तो चौदाव्या फेरीत, आणि तेव्हा तिथले साहेब म्हणाले, "तुम्ही परत दिसू नये म्हणून सही करतो." देवरामने हे कौतुक समजून घरी येऊन सांगितलं. असा माणूस. त्याला तुम्ही सांगा की बाबा रे, मुलीचं नाव कॉलेजच्या वेटिंग लिस्टवर आहे, आता गप घरी बस आणि फोनची वाट बघ. बसेल? छे!

अमृताचं नाव दुसरं होतं. ठाण्याला टेंभी नाक्याच्या मागच्या गल्लीतलं लॉ कॉलेज, सकाळी सात ते साडेदहा वर्ग. तिला दुसरं कुठलं कॉलेज चालणारच नव्हतं, कारण दुपारी एकपासून ती डोंबिवलीच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काउंटरवर असायची, आणि तिच्या पगाराशिवाय कल्याणच्या कोळसेवाडीतलं घर चाललं नसतं. गेल्या वर्षी सीईटीला मार्क कमी पडले. या वर्षी बरे पडले, पण सरकारी फेऱ्यांत नंबर लागता लागता राहिला, आणि आता उरलेल्या जागा कॉलेज स्वतःच्या यादीने भरत होतं. लॅबच्या डॉक्टरांना ती बदलापूरच्या नव्या शाखेत पूर्ण वेळ हवी होती. बुधवारी त्यांना हो की नाही सांगायचं होतं. कॉलेजची यादी बंद होणार मंगळवारी संध्याकाळी पाचला.

"या वेळी नाही झालं तर संपलं, पप्पा," ती म्हणालेली. "तिसऱ्यांदा नाही बसणार मी. माझ्याने नाही होत परत परत."

हे ती रडून म्हणाली असती तर देवरामने समजूत घातली असती. ती डबा भरता भरता म्हणाली, म्हणून तो घाबरला.

देवराम महापालिकेच्या पाणीखात्यात व्हॉल्व्हमन. पहाटे चारला लाइनला पाणी सोडायचं, नऊला बंद करायचं, मग दिवसभर मोकळा. यादी लागली त्या दिवशी तो अकरालाच ठाण्यात हजर. बोर्डावर यादीखाली सूचना होती, ती त्याने बोट ठेवून वाचली. पालकांनी चौकशीला येऊ नये. जागा रिकामी झाल्यास फॉर्मवरच्या मोबाइलवर तीन वेळा फोन केला जाईल, तिन्ही वेळा उचलला नाही तर जागा पुढच्या नंबरला. पहिलं वाक्य आपल्यासाठी नाही असं त्याने ठरवलं आणि तो बाकावर जाऊन बसला.

बाकावर एक बाई होती, आंबिवलीची. मालन नाव. कल्याणला एका पोळी-भाजी केंद्रात दुपारपासून पोळ्या लाटायची. तिची मुलगी करिश्मा वेटिंगवर पहिली होती.

"मला यातलं काय कळत नाही भाऊ," मालन म्हणाली. "फॉर्म पण स्टेशनजवळच्या सायबरवाल्याने भरला. ते ओटीपी का काय येतं, ते त्याच्याच मोबाइलवर आलेलं. एक खाडा केला की पैसे कापतात, मला रोज यायला नाय जमणार."

आता समोर कुणी अडाणीपणा कबूल केला की देवरामची छाती फुगायचीच. "तुम्ही काळजी करू नका ताई. मी आहे ना रोज. तुमचा नंबर देऊन ठेवा, काही हललं की पहिला फोन तुम्हाला." तिने नंबर दिला. आपली मुलगीही यादीत आहे हे त्याने सांगितलं. ती दुसरी आहे हे मात्र गिळलं. पहिल्या नंबरच्या आईला ते सांगणं त्याला कमीपणाचं वाटलं.

पुढचे चार दिवस तो रोज गेला. खिडकीत योगिनी मॅडम असायच्या, चष्मा डोक्यावर, बोलणं गोड. पहिल्या दिवशी म्हणाल्या, "काका, आम्ही फोन करू." दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "काका, यादी तीच आहे." तिसऱ्या दिवशी देवराम पाव किलो पेढे घेऊन गेला. मॅडमनी पुडा खिडकीतून परत ढकलला आणि विचारलं, "कशाचे?" देवरामने पुडा पिशवीत घातला. चौथ्या दिवशी मॅडमनी नुसतं बघितलं.

त्या दुपारी अमृताच्या मोबाइलवर कॉलेजचा नंबर झळकला. तिने समोरच्या पेशंटची पावती तशीच सोडली आणि ती धावत बाहेर जिन्यात आली. घाईत पहिलं वाक्य तिला ऐकूच आलं नाही. दुसरं आलं. "तुमच्या वडिलांना प्लीज समजवा. रोज येतात. याने तुमचा नंबर वर जात नाही, आणि आम्हालाही बरं वाटत नाही."

घरी आल्यावर ती चपला न काढताच बोलली. "मला वाटलं सीट लागली. पप्पा, मला वाटलं सीट लागली! जिन्यात उभं राहून मी थँक्यू मॅडम म्हणत होते, आणि ती बाई तुमची तक्रार करत होती."

"अगं, तोंड दाखवलं की लक्षात..."

"काय लक्षात राहतं? तुमच्याकडे येतात ना ते सोसायटीवाले, आमची लाइन आधी सोडा म्हणून? रोज येतो त्याला आधी पाणी सोडता?"

 तेवीस वर्षांत देवरामने कुणाची लाइन पाच मिनिटंही आधी सोडली नव्हती, आणि जो रोज यायचा त्याचा तर त्याला रागच यायचा. हे आपल्याला आधी का नाही सुचलं, असं त्याला वाटलं आणि कानापर्यंत लाज वाटली.

"मी एक मेल पाठवलीय त्यांना," अमृता जरा शांत होत म्हणाली. "जागा मिळाली तर त्याच दिवशी येऊन घेईन, एवढंच लिहिलंय. तेवढंच करायचं असतं. मग वाट बघायची असते."

शेवटी दोघांचं असं ठरलं: मंगळवारी देवरामने अमृताचे ओरिजिनल कागद घेऊन ठाण्यात थांबायचं, म्हणजे फोन आला तर धावपळ नको. पण कॉलेजच्या आत पाय ठेवायचा नाही.

मंगळवारी तो गल्लीत समोरच्या झेरॉक्सच्या दुकानाबाहेर स्टुलावर बसला. मांडीवर प्लास्टिकची फाइल. नाक्यावर नवरात्राच्या मांडवाचे बांबू उतरत होते, हमाल एकमेकांना शिव्या घालत होते. बारा वाजले, एक वाजला, दोन वाजले. देवराम आत गेला नाही. जन्मात पहिल्यांदा.

पावणेतीनच्या सुमाराला योगिनी मॅडमच बाहेर आल्या. ऑफिसचं मशिन बिघडलं होतं म्हणून झेरॉक्सला. त्याला बघून त्यांनी कपाळाला हात लावला, आणि मग हसल्या.

"काका, मी सांगायला नको, पण तुम्ही इथे उन्हात बसलाय. एक मुलगी पुण्याला गेली, तिने आज अॅडमिशन कॅन्सल केली. एक जागा आहे."

देवराम उभा राहिला.

"एक नंबरला फोन करतेय. दीडला केला, अडीचला केला. रिंग वाजते, उचलत नाही कुणी. साडेतीनला शेवटचा. नाही उचलला तर तुमची मुलगी. कुठे जाऊ नका."

मॅडम आत गेल्या. देवरामला आनंद झाला, इतका की त्याने झेरॉक्सवाल्यालाच सांगितलं, "माझी मुलगी वकील होणार." झेरॉक्सवाला म्हणाला, "अरे वा." आणि हे वा ऐकता ऐकताच देवरामच्या डोक्यात प्रकाश पडला, नको होता तेव्हा. फॉर्मवरचा नंबर करिश्माचा नाही. तो सायबरवाल्याचा आहे. त्याच्या मोबाइलवर अशा पन्नास पोरांचे फोन येत असणार. तो कशाला उचलतोय! साडेतीनलाही उचलणार नाही. आणि हे आख्ख्या ठाण्यात एका माणसाला माहीत होतं.

मालनचा नंबर त्याच्या खिशात होता.

तो स्टुलावर बसला. उठला. पुन्हा बसला. आपण काही केलेलं नाही, असं त्याने स्वतःला सांगून बघितलं. नंबर चुकवला सायबरवाल्याने. तपासला नाही मालनने. नियम लिहिला कॉलेजने. आपण फक्त गप्प बसायचं, चाळीस मिनिटं. गप्प बसणं हा काय गुन्हा आहे? पण "पहिला फोन तुम्हाला" हे शब्द त्याचेच होते, आणि ते त्याने मोठ्या तोऱ्यात उच्चारले होते. स्वतःची जागा असती तर त्याने झटकन ठरवलं असतं. ही त्याची नव्हती, पोरीची होती. तीन वाजायला पाच मिनिटं असताना त्याने अमृताला फोन लावला आणि सगळं सांगितलं, सायबरवाल्यासकट.

 पलीकडे मागे कुणीतरी रिपोर्ट मागत होतं.

"पप्पा, तुम्ही मला का सांगितलंत?"

"तुझी जागा आहे म्हणून."

"तुम्ही गप्प राहिला असतात तर मला कधीच कळलं नसतं." तिचा आवाज चढला. "किंवा परस्पर करून टाकायचा फोन. मग मी तुमच्यावर चिडले असते, बस्स. आता माझ्यावर टाकलंत."

"तू नको म्हण, मी नाही करणार. शपथ. कुणाला बोलणार पण नाही."

"मला माहीत झालंय आता!" ती ओरडली, आणि मागचा रिपोर्ट मागणारा आवाज थांबला. मग तिने नाक ओढल्याचा आवाज आला. "द्या तिचा नंबर. आत जाऊन मॅडमना द्या. मी निघते. ती पाचपर्यंत नाही पोचली तर सही करायला मी लागेन." फोन कट झाला.

देवराम आत गेला. खिडकीत कागदाचा चिटोरा सरकवला. "एक नंबरच्या आईचा मोबाइल. फॉर्मवरचा दुसऱ्याचा आहे."

योगिनी मॅडमनी चिटोऱ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे. चष्मा डोक्यावरून डोळ्यांवर आला. "काका, तुम्हाला कळतंय ना, तुम्ही काय देताय?"

"कळतंय."

"मुलीला विचारलंत?"

"तिनेच सांगितलं."

मॅडमनी फोन लावला. मालनने दुसऱ्या रिंगला उचलला. मॅडम हळू आवाजात बोलल्या, आणि शेवटी म्हणाल्या, "पाचच्या आत. पाच म्हणजे पाच. नाही आलात तर दोन नंबरची मुलगी इथे असेल."

सव्वाचारला अमृता पोचली. ड्रेसवर लॅबचं ओळखपत्र तसंच लटकत होतं.  तिने फाइल बापाच्या हातातून घेतली, प्रत्येक कागद क्रमाने तपासला आणि गेटपाशी उभी राहिली, तोंड रस्त्याकडे. साडेचार झाले. पावणेपाच झाले. देवराम तिच्या मागे उभा होता आणि मनात म्हणत होता, येऊ नका, गाडी चुकू दे, रिक्षा मिळू नये. आपणच बोलावलेल्या माणसांबद्दल आपण असं म्हणतोय याची त्याला शरम वाटत होती, तरी म्हणत होता. अमृताचे ओठ हलत होते. ती काय म्हणत होती ते त्याने कधी विचारलं नाही.

पाचला आठ मिनिटं कमी असताना रिक्षा गल्लीत शिरली. आधी एक बारीकशी मुलगी उतरली, छातीशी पिशवी, आणि सरळ आत पळाली. मागून मालन, कोपरापर्यंत कणीक वाळलेली. ती खिडकीपर्यंत गेली, मुलगी सही करताना बघितली, आणि मग भिंतीला टेकून हमसून हमसून रडली. योगिनी मॅडमनी तिला पाणी दिलं. पाचला त्यांनी बोर्डावरची यादी काढून घेतली.

मालन बाहेर आली तेव्हा तिला देवराम दिसला. तिने ते कणकेचे हात जोडले.

"भाऊ, मॅडम म्हणाल्या, नंबर तुम्ही दिलात. आमचं कुणी नाय हो असं करणारं. देव बघतो तुमच्याकडे." मग तिचं लक्ष अमृताकडे, तिच्या हातातल्या फाइलकडे गेलं, आणि चेहरा आणखी फुलला. "ही का तुमची लेक? हिचं पण झालं ना आज?"

मागे करिश्मा येऊन उभी राहिली होती. तिने यादी वाचलेली होती. ओळखपत्रावरचं नाव तिने वाचलं आणि तिचा रंग उडाला. "आई..." ती म्हणाली आणि तिने आईचा पदर ओढला.

  बुधवार उद्यावर आला होता. बदलापूर, पूर्ण वेळ, संपलं. देवरामने मान खाली घातली.

अमृताने फाइल बगलेत मारली.

"माझं पुढच्या वर्षी आहे, मावशी," ती म्हणाली.