माझ्या पोटात उरलेली वीज

मित्रांनो, मी कॉम्प्युटर आहे. जुना आहे आणि भित्राही आहे. माझी लोखंडी पेटी अजून धड आहे, पण आत कोणी हात घातला की माझा जीव थाऱ्यावर राहत नाही. ही भीती माझ्यासाठी नाही. माझ्या हातून एकदा माणूस जाता जाता वाचला.

हैदराबादेत घरोघरी कॉम्प्युटर शिकायचं वारं सुटलं होतं, तेव्हा अविनाशकाकांनी मलकपेठच्या आपल्या दुकानात सुटे भाग जोडून मला उभं केलं. चिक्कडपल्लीला तेजश्रीच्या घरी गेलो, तर मला हळदकुंकू लागलं. शेजारपाजारचे बघायला आले. तेजश्री दिलसुखनगरच्या क्लासमधून आली की तोंडही न धुता माझ्यापुढे बसायची. फार लाड झाले माझे.

तीन वर्षांत माझे कपॅसिटर फुगले. कपॅसिटर म्हणजे वीज साठवणाऱ्या डब्या. मी मध्येच बंद पडू लागलो. त्यातच वीजपुरवठ्याच्या डब्यातला एक रेझिस्टर जळाला. मला बंद केल्यावर मोठ्या कपॅसिटरमध्ये उरलेली वीज हळूहळू उतरवणं हे त्याचं काम. आता प्लग काढला तरी ती वीज आत दबा धरून बसे. मला ते कळत होतं, पण सांगणार कसं?

खंडेनवमीच्या दुपारी मी पुरता बंद पडलो. तेजश्रीचा प्रोजेक्ट माझ्या पोटात अडकला. तिने मला रिक्षात घालून तडक दुकानात आणलं.

तिथे पाटावर काकांची हत्यारं मांडून पूजा झाली होती. झेंडूच्या फुलांखाली होल्डरमधला एक बल्ब होता, दोन उघड्या वायरींचा. वीजपुरवठा उघडला की काका आधी त्या वायरी मोठ्या कपॅसिटरला टेकवत. बल्ब चमकून विझला की आतली वीज संपली. त्याशिवाय त्यांनी कधी बोट आत घातलं नव्हतं.

"आज हत्यारांना हात लावायचा नाही," काकांच्या बायको भामाकाकू म्हणाल्या. "उद्या उचला."

"काकू, परवा प्रोजेक्ट द्यायचाय हो!" तेजश्री रडकुंडीला आली.

"हौ अम्मा, परेशान नको होऊ," काका म्हणाले. "बाजूच्या रेडिओवाल्या चाचांचा पेचकस आणतो. आपल्या हत्यारांना हात पण लागणार नाही."

पेचकस आला. बल्ब पाटावरच राहिला.

एकेक स्क्रू निघू लागला तशी माझी गाळण उडाली. नुसता पंखा जरी फिरला असता, तरी काकांनी हात मागे घेतला असता. पण माझ्यात काहीच हलेना.

"प्लग काढलाय ना गं?"

"घरीच काढला, काका."

तेवढ्यावर विसंबून त्यांनी बोटं आत घातली.

फाडकन आवाज झाला. काका स्टुलासकट मागे कोसळले. डोळे उघडे, पण श्वास दिसेना. भामाकाकू त्यांची छाती चोळत हाका मारत होत्या. तेजश्री भिंतीला चिकटून उभी होती. ती वीज माझी होती, मित्रांनो! ज्यांनी मला घडवलं त्यांनाच मी मारलं, असं मला वाटलं. तितकी भीती मला पुन्हा कधी वाटली नाही.

कितीतरी वेळाने काकांनी खोल श्वास घेतला आणि पाणी मागितलं.

भामाकाकू उठल्या. पाटावरची फुलं त्यांनी बाजूला सारली आणि बल्ब उचलून काकांपुढे धरला. "देवीला रागवायचं तर माझ्यावर रागवू दे," त्या म्हणाल्या.

उरलेली वीज बल्बात भक्कन पेटून संपली. संध्याकाळपर्यंत मी चालू झालो. तेजश्रीला प्रोजेक्ट मिळाला, पण ती हसली नाही. काकांच्या उजव्या हाताची दोन बोटं बधिर झाली, ती कायमचीच. बारीक स्क्रू आता त्यांना धरता येत नाही, भामाकाकू धरतात.

जुना झाल्यावर मी काकांकडेच परत आलो, आता त्यांच्याच दुकानात असतो. सुटे भाग काढायला लोक मला उघडतात, कोणी कोणी घाईतही असतं. मित्रांनो, माझी एवढीच विनवणी आहे. मशीन बंद दिसलं म्हणून ते निजलं असं धरून चालू नका. आधी आतली वीज उतरवा, मगच हात घाला. मला सगळं कळतं, पण ओरडता येत नाही.